अनुभव पाहिजे.. पण कुठला?

तर झालं असं, की गेल्या महिन्यात मला ऑफिसमध्ये पहिल्यांदाच इंटरव्ह्यू द्यायच्या ऐवजी घ्यायला बसवलं. आमच्या टीमला एक लीड हवा होता. एचआरने अकरा रेझ्युमे चाळून पाठवले होते आणि वर ठळक अक्षरांत अट: 'मोठ्या कंपनीतला किमान पाच वर्षांचा अनुभव आवश्यक'. बारावा रेझ्युमे मात्र एका मित्राने परस्पर पाठवला होता. सांगलीकडचा मुलगा. सात-आठ जणांच्या कंपनीत सहा वर्षं काम, त्यातली चार वर्षं टीम तोच सांभाळत होता. काम बघितलं तर अकरा जणांपैकी निम्म्यांपेक्षा सरस. पण अटीत बसत नव्हता. मी दोन मिनिटांत तो बाजूला ठेवला आणि चहाला गेलो.

रात्री जेवताना ते आठवलं आणि घास घशात अडकला. कारण चार वर्षांपूर्वी माझाही रेझ्युमे असाच कुणीतरी चहाच्या आधी बाजूला ठेवला होता.

आता हे सगळं अमेरिकन कॉलेज फुटबॉलवरच्या लेखात कशाला? सांगतो.

मी दीड वर्ष ऑनसाइटला ओहायोतल्या कोलंबसला होतो. तिथे शनिवारी मॅच असली की अख्खं गाव लाल कपडे घालून ओहायो स्टेटच्या स्टेडियमकडे निघतं. घोड्याच्या नालेसारखं स्टेडियम, एक लाखाच्या वर माणसं. आणि हा कॉलेजच्या पोरांचा खेळ बरं का! सुरुवातीला मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. पण क्लायंटकडच्या एका म्हाताऱ्या मॅनेजरने मला शिकवायचा चंगच बांधला होता. तिथल्या लोकांना खेळापेक्षाही एका विषयावर भांडायला जास्त आवडतं, असं माझ्या लक्षात आलं. तो विषय म्हणजे पुढचा हेड कोच कोण. आणि त्यात हमखास येणारा मुद्दा: 'त्याला मोठ्या कॉन्फरन्सचा अनुभव कुठाय?'

म्हणजे आमच्या एचआरचीच अट!

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या सर्वात वरच्या पातळीवर एकशे तीसहून जास्त कॉलेजं आहेत आणि ती कॉन्फरन्स नावाच्या गटांत विभागलेली आहेत. बिग टेन (स्थापना १८९६, आज त्यात अठरा कॉलेजं आहेत, नावावर जाऊ नका :) ) आणि एसईसी (१९३२) हे सगळ्यात श्रीमंत. त्यांच्या खाली त्याच पातळीवरच्या लहान कॉन्फरन्स, त्याखाली पूर्वी वन-डबल-ए म्हणायचे तो थर, मग डिव्हिजन टू, मग डिव्हिजन थ्री. फरक किती? कित्येक वर्षं वरच्या थरात एका कॉलेजला फुटबॉलसाठी ८५ शिष्यवृत्त्या देता यायच्या, त्याखाली ६३, डिव्हिजन टू मध्ये ३६ आणि डिव्हिजन थ्रीमध्ये शून्य. शून्य! तिथली पोरं स्वतःची फी भरून हाडं मोडून घेतात.

हेड कोच म्हणजे नुसता खेळ शिकवणारा नव्हे. हायस्कूलच्या पोरांच्या घरी जाऊन त्यांना आपल्या कॉलेजात आणायचं, देणगीदारांना सांभाळायचं, असिस्टंट नेमायचे, पत्रकारांना तोंड द्यायचं, सगळं त्याच्याकडे. अनेक राज्यांत सरकारी पगारपत्रकावर सर्वात जास्त पगार घेणारा माणूस राज्यपाल नसतो, फुटबॉल कोच असतो. एवढी मोठी जबाबदारी 'लहान गावच्या' माणसाला द्यायची का, हा प्रश्न म्हणून फालतू नाही.

गंमत म्हणजे या प्रश्नाचा इतिहास एकट्या ओहायोतच जवळपास पूर्ण सापडतो.

१९४० साली ओहायो स्टेट मिशिगनकडून ४०-० अशी हरली. मिशिगन म्हणजे त्यांचा हाडवैरी. कोच फ्रान्सिस श्मिट यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी १९४१ मध्ये आले पॉल ब्राऊन, वय बत्तीस. आणि ते आले कुठून? मॅसिलन नावाच्या गावातल्या हायस्कूलमधून! कुठल्याही कॉलेजचा कोच म्हणून अनुभव शून्य. पण मॅसिलनला नऊ वर्षांत त्यांनी ८० मॅच जिंकल्या होत्या, ८ हरल्या होत्या, २ बरोबरीत. राज्यातले हायस्कूल कोच एकत्र होऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. दुसऱ्याच वर्षी, १९४२ मध्ये, ओहायो स्टेट पहिल्यांदा राष्ट्रीय विजेती झाली.

१९५१ मध्ये पुन्हा जागा रिकामी. तोवर ओहायो स्टेटला 'कोचांचं स्मशान' म्हणायला लागले होते. लोकांना ब्राऊन परत हवे होते, पण नेमणूक झाली वुडी हेज यांची. अनुभव? डेनिसन नावाच्या छोट्या कॉलेजात तीन वर्षं, मग मायामी (फ्लोरिडातलं नव्हे, ओहायोतलं) इथे दोन वर्षं. बिग टेनचा अनुभव नाही. हेज पुढे अठ्ठावीस वर्षं टिकले, २०५ मॅच जिंकले. १९७८ च्या शेवटी त्यांनी भर मैदानात प्रतिस्पर्धी खेळाडूला ठोसा मारला आणि त्यांची गच्छंती झाली, तो भाग वेगळा.

हेज यांचा एक असिस्टंट, बो शेमबेकलर, याच ओहायोतल्या मायामीचा हेड कोच झाला आणि १९६९ मध्ये थेट मिशिगनला गेला. पहिल्याच वर्षी त्याने आपल्या गुरूच्या अजिंक्य वाटणाऱ्या ओहायो स्टेटला २४-१२ असं हरवलं. त्या मायामीतून इतके मोठे कोच बाहेर पडले, की त्या कॉलेजला 'कोचांचा पाळणा' असं नावच पडलं.

इथवर वाचून वाटेल, चला, प्रश्न सुटला. अनुभव-बिनुभव सगळं झूट, माणूस पारखून घ्या! थांबा जरा.

१९८०. सिनसिनाटीच्या मोलर हायस्कूलचे कोच जेरी फाउस्ट. अठरा वर्षांत १७४ विजय, १७ पराभव, २ बरोबरीत, राज्याची पाच विजेतेपदं. त्यांना नोत्र दामने हेड कोच केलं. नोत्र दाम म्हणजे अमेरिकन कॅथलिकांची फुटबॉलमधली पंढरीच. पॉल ब्राऊनचीच गोष्ट चाळीस वर्षांनी पुन्हा. १९८१ च्या पहिल्या मॅचमध्ये एलएसयूला २७-९ हरवलं, देशात पहिला नंबर लागला. पुढच्याच आठवड्यात मिशिगनने २५-७ असं जमिनीवर आणलं. मग जे सुरू झालं ते थांबलं नाही. पहिलं वर्ष ५-६. एअर फोर्स अकादमीकडून ओळीने चार वर्षं हार. १९८५ च्या शेवटच्या मॅचमध्ये मायामीकडून (आता मात्र फ्लोरिडातलं) ५८-७. पाच वर्षांचा हिशोब: ३० विजय, २६ पराभव, १ बरोबरी.

फाउस्ट माणूस म्हणून सगळ्यांना प्रिय होते. नोत्र दामने त्यांना पूर्ण पाच वर्षं दिली. त्यांच्यानंतर लू होल्ट्झ आले आणि १९८८ मध्ये नोत्र दाम राष्ट्रीय विजेती झाली.

मग ब्राऊन यांना जे जमलं ते फाउस्टना का नाही? माझ्या डोक्यात येणारं उत्तर अर्थातच आमच्या धंद्यातलं आहे. दहा युजरवर सुरळीत चालणारा प्रोग्राम दहा लाखांवर चालेलच असं नाही. १९४१ मध्ये कॉलेजचा खेळ आणि हायस्कूलचा खेळ यात अंतर कमी होतं. तेच अकरा जण आक्रमणही करायचे आणि बचावही. ओहायो स्टेटला पोरं मिळायची ती प्रामुख्याने ओहायोतली, आणि ती पोरं ब्राऊन यांना तोंडपाठ होती. १९६५ पासून खेळाडू हवे तेवढे बदलायची पूर्ण मोकळीक मिळाली. आक्रमणाची फौज वेगळी, बचावाची वेगळी, प्रत्येकाचे असिस्टंट वेगळे. नोत्र दामला तर पोरं देशभरातून गोळा करायची. फाउस्ट यांचं कौशल्य चाळीस वर्षांत कमी झालं नव्हतं, सिस्टिमचा आकार बदलला होता. आणि मधल्या पायऱ्यांपैकी एकही त्यांनी पाहिली नव्हती.

२००१ मध्ये ओहायो स्टेट पुन्हा त्याच वळणावर आली. कोच जॉन कूपर मिशिगनविरुद्ध २-१०-१ असे होते, म्हणजे बाकी काहीही केलं तरी माफी नाही. नावं चर्चेत होती त्यात मिनेसोटाचे ग्लेन मेसन होते: बिग टेनचेच हेड कोच, वर ओहायो स्टेटचे माजी खेळाडू. कागदावर बिनतोड. नेमलं मात्र जिम ट्रेसेल यांना. यंग्सटाऊन स्टेट, वन-डबल-ए, चार राष्ट्रीय विजेतेपदं, पण सगळी खालच्या थरातली. नेमणुकीच्याच दिवशी बास्केटबॉल मॅचच्या मध्यंतरात त्यांनी लोकांना सांगितलं, की ३१० दिवसांनी मिशिगनच्या मैदानावर तुम्हाला आपल्या पोरांचा अभिमान वाटेल. बरोब्बर ३१० दिवसांनी ओहायो स्टेट २६-२० जिंकली. २००२ च्या मोसमात राष्ट्रीय विजेतेपद. मैदानावर मिशिगनविरुद्ध ९-१. (२०११ मध्ये खेळाडूंच्या टॅटू प्रकरणात माहिती दडवल्यामुळे त्यांना जावं लागलं. देव म्हणून कुणाला डोक्यावर घेऊ नये, हा त्यातला उपधडा.)

आता फाउस्ट आणि ट्रेसेल, दोघेही 'लहान गावचे'. पण एक बारीक फरक आहे. ट्रेसेल १९८३ ते ८५ ओहायो स्टेटमध्येच असिस्टंट होते. मालक नव्हते, पण त्या स्वयंपाकघरात कांदे चिरलेले होते. कुठली फोडणी करपते ते आतून माहीत होतं.

हा फरक नुसता योगायोग आहे का, म्हणून एका रविवारी मी यादीच काढली. १९९८ ते २०२५ या मोसमांत राष्ट्रीय विजेते झालेले सगळे हेड कोच घेतले, २००३ चे दोन्ही विजेते धरून. एकूण माणसं अठरा. त्यातले पहिल्या विजेतेपदाच्या नोकरीआधी मोठ्या कॉन्फरन्समध्ये हेड कोच होते ते फक्त सहा: सेबन, मॅक ब्राऊन, माइल्स, चिझिक, ओर्जरॉन, हार्बा. यातही चिझिक यांचा आधीचा हिशोब ५-१९ आणि ओर्जरॉन यांचा १०-२५! म्हणजे अनुभव होता खरा, पण आपटण्याचा.

उरलेल्या बारांपैकी सात जण (फुलमर, स्टूप्स, कोकर, फिशर, स्वीनी, स्मार्ट, डे) कुठल्याही कॉलेजचे हेड कोच नव्हतेच, असिस्टंटचे थेट हेड कोच झाले. पीट कॅरल व्यावसायिक फुटबॉलमधून आले. तिघे लहान कॉलेजांचे हेड कोच: ट्रेसेल, मायर, सिग्नेटी. आणि बॉबी बॉडन यांच्या वेळी त्यांची कॉलेजं कुठल्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये नव्हतीच, त्यामुळे त्यांना प्रश्नच लागू नाही.

म्हणजे 'हेड कोच म्हणून मोठा अनुभव' ही अट लावली असती तर अठरापैकी बारा विजेते चाळणीतच गेले असते. पण 'कुठल्याही भूमिकेत का होईना, मोठ्या कॉन्फरन्समध्ये काम केलंय का' असं विचारलं, तर बॉडन वगळता सगळे सतरा पास होतात. मायर तर ओहायो स्टेटमध्ये शिकाऊ असिस्टंट होते, पण होते.

एक मोठा सावधानतेचा इशारा. ही यादी फक्त जिंकलेल्यांची आहे. जिंकलेल्यांच्या यादीवरून नियम काढणं म्हणजे लॉटरी लागलेल्यांना विचारून गुंतवणूक करणं. हरलेलेही बघायला हवेत. डॅन हॉकिन्स बॉइझी स्टेटला ५३-११ होते, कोलोरॅडोला गेले आणि १९-३९ झाले. डॅरेल हेझल केंट स्टेटहून पर्ड्यूला गेले, ९-३३. उलट स्कॉट फ्रॉस्ट यांच्याकडे सगळं होतं: ऑरेगनमध्ये मोठ्या जबाबदारीचा अनुभव, २०१७ मध्ये यूसीएफला १३-० मोसम, वर नेब्रास्काचेच माजी क्वार्टरबॅक. नेब्रास्काला १६-३१.

मला सर्वात बोलकी वाटते ती कॅन्ससची जोडी. दोघांचा रस्ता एकच, बफेलोहून कॅन्ससला. पहिले टर्नर गिल, २०१० मध्ये. नेब्रास्कासारख्या बड्या ठिकाणी खेळलेले, तिथेच अनेक वर्षं असिस्टंट. दोन वर्षांत ५-१९, हकालपट्टी. दुसरे लान्स लाइपोल्ड, २०२१ मध्ये. त्यांची खरी कीर्ती डिव्हिजन थ्रीमधली, विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरला आठ वर्षांत १०९-६ आणि सहा विजेतेपदं. कॅन्ससला पहिलं वर्ष २-१०. गिल यांचं शेवटचं वर्षही नेमकं २-१०! पण लाइपोल्डना थांबू दिलं. २०२२ मध्ये कॅन्सस २००८ नंतर पहिल्यांदा मोसमाअखेरच्या बोल मॅचमध्ये पोहोचली, २०२३ मध्ये ९-४. लाइपोल्ड एकटे आले नव्हते. जुने असिस्टंट आणि बफेलोचे काही खेळाडूही त्यांच्यासोबत आले होते. गिल यांना ना तेवढा वेळ मिळाला, ना त्या काळच्या नियमांत खेळाडू सहज सोबत आणता आले.

ही 'सोबत आणण्याची' गोष्ट महत्त्वाची आहे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं आणि २०२१ पासून बदली केलेल्या खेळाडूला वर्षभर बाहेर बसायची गरज उरली नाही. पूर्वी लहान कॉलेजचा कोच मोठ्या जागी एकटा जायचा आणि तिथे त्याला कुणी ओळखायचं नाही. आता तो आपला पुरावाच सोबत घेऊन जाऊ शकतो.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे कर्ट सिग्नेटी. २००७ ते २०१० अलाबामामध्ये सेबन यांचे असिस्टंट. एकोणपन्नासाव्या वर्षी ती बडी नोकरी सोडून, कमी पगारावर, पेनसिल्व्हेनियातल्या डिव्हिजन टू कॉलेजचे हेड कोच झाले. मग ईलॉन, मग जेम्स मॅडिसन. २०२३ च्या शेवटी इंडियानाने त्यांना बोलावलं तेव्हा वय बासष्ट. इंडियाना म्हणजे तोवर वरच्या पातळीवर सर्वाधिक मॅच हरलेलं कॉलेज. पत्रकारांनी विचारलं, खेळाडूंना काय सांगून आणता? म्हणाले, सोपं आहे, मी जिंकतो, गूगल करा. सोबत जेम्स मॅडिसनचे तेरा खेळाडू आणि मुख्य असिस्टंट. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोलंबसला ओहायो स्टेटने त्यांना ३८-१५ हरवलं, तेव्हा माझा म्हातारा मॅनेजर म्हणाला होता, 'बघ, मोठ्यांशी गाठ पडली की कळतं.' मीही मान डोलावली. पुढच्या मोसमात इंडियाना बिग टेनच्या अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला १३-१० हरवून, एकही मॅच न हरता, जानेवारी २०२६ मध्ये राष्ट्रीय विजेती झाली. मॅनेजरला मेल टाकली. उत्तर एका शब्दाचं आलं, ते इथे देत नाही :)

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण या इतिहासाची एक कडू बाजू आहे.

१९४१ मध्ये पॉल ब्राऊन हायस्कूलमधून ओहायो स्टेटला गेले, त्याच वर्षी लुइझियानात ग्रॅम्ब्लिंग या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात बावीस वर्षांचे एडी रॉबिन्सन कोच झाले. १९९७ पर्यंत तिथेच राहिले. ४०८ विजय. एकदाही त्यांच्या हाती मोठ्या कॉन्फरन्सचं कॉलेज आलं नाही. ब्राऊनसाठी 'अनुभव नाही' ही अट वाकली, रॉबिन्सनसाठी तिच्यापर्यंत पोहोचायचा रस्ताच नव्हता. बिग टेनमध्ये पहिला कृष्णवर्णीय हेड कोच आला १९८१ मध्ये. एसईसीत थेट डिसेंबर २००३ मध्ये, सिल्व्हेस्टर क्रूम, मिसिसिपी स्टेटला. त्याच वर्षी मे महिन्यात अलाबामाने क्रूम यांना डावलून माइक शुला यांना घेतलं होतं. क्रूम अलाबामाचेच माजी खेळाडू, तिथेच दहा वर्षं असिस्टंट, मग सोळा-सतरा वर्षं व्यावसायिक फुटबॉलमध्ये. शुला सदतीस वर्षांचे, हेड कोच म्हणून अनुभव शून्य, वडील मात्र प्रख्यात कोच डॉन शुला. क्रूम पुढे फार यशस्वी झाले असं नाही, २१-३८. पण मुद्दा यशाचा नाही. मुद्दा असा, की अनुभवाची अट कुणासाठी कडक आणि कुणासाठी सैल होते ते बघितलं, की ती अट खरं कशासाठी आहे ते कळतं.

हे वाचताना मला आमच्या अकरा रेझ्युमेंची आठवण झाली. त्यातले दोन पाच वर्षांच्या अटीत बसत नव्हतेच. साडेतीन-चार वर्षांचाच अनुभव होता. पण कॉलेजचं नाव मोठं होतं, म्हणून एचआरने 'चालेल' म्हणून पाठवले होते.

मग मी काय केलं? क्रांती वगैरे काही नाही. सोमवारी बॉसकडे गेलो आणि म्हटलं, अट काढू नका, बदला. 'मोठ्या कंपनीत किती वर्षं' याऐवजी दोन प्रश्न ठेवू. मोठा लोड, मोठी सिस्टिम कधी आतून बघितली आहे का, कुठल्याही भूमिकेत? आणि जे करून दाखवलंय त्यातलं काय सोबत घेऊन येणार? पहिला प्रश्न फाउस्ट यांच्यासाठी, दुसरा सिग्नेटी यांच्यासाठी. बॉसला दोन्ही नावं ठाऊक नाहीत, पण तो हो म्हणाला.

त्या मुलाला बोलावलं. पहिल्या प्रश्नावर तो थोडा अडखळला. मोठी सिस्टिम त्याने आतून पाहिलेली नाही, हे त्याने सरळ सांगितलं. दुसऱ्या प्रश्नावर चाळीस मिनिटं बोलला. खरं सांगायचं तर लीड म्हणून घ्यायला माझाच धीर झाला नाही. फाउस्ट आठवले. लीडच्या हाताखालची जागा देऊ केली आहे, वर्षभराने पुन्हा बघू असं लेखी देऊन. तो अजून विचार करतोय.

कांदे चिरायला बोलावलंय हे मला कळतंय. फक्त ते स्वयंपाकघर आतून दिसेल अशा जागी त्याला उभं करायचं, एवढं माझ्या हातात आहे. वर्षभराने ते लेखी दिलेलं मलाच आठवायला हवं, म्हणून इथे लिहून ठेवतोय.